शाखा, सनद आणि दार : अमेरिकी विद्यापीठांतील भ्रातृसंघ व भगिनीसंघ

(एका ग्रंथालयाच्या वाचकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनुवादकाला व्याख्यानाला उभे केले, की तो शब्दांपासूनच सुरुवात करणार, हे आपण गृहीत धरले असेल. ते खोटे नाही. अमेरिकेतील विद्यार्थिजीवनाविषयीच्या एका ग्रंथाचे भाषांतर करीत असताना 'फ्रॅटर्निटी', 'सोरॉरिटी' आणि 'चॅप्टर' या तीन शब्दांनी मला बरेच दिवस अडवून धरले होते. पहिल्या दोहोंचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या अंगणातच सापडते. लॅटिनमधील 'फ्रातेर' आणि संस्कृतातील 'भ्रातृ', लॅटिनमधील 'सोरोर' आणि संस्कृतातील 'स्वसृ' ही एकाच घराण्यातील भावंडे होत. म्हणून 'भ्रातृसंघ' आणि 'भगिनीसंघ' हे शब्द मी फारसा विचार न करता पत्करले.

तिसरा शब्द मात्र सहज हाती येईना. 'चॅप्टर' म्हणजे ग्रंथाचा अध्याय, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या मंडळीला 'अध्याय' कसे म्हणावे? याचे उत्तर युरोपातील ख्रिस्ती मठांत आहे. मठातील साधू रोज एकत्र जमत, तेथे मठाच्या नियमग्रंथातील एक अध्याय वाचला जाई. कालांतराने त्या सभेलाच 'चॅप्टर' म्हणू लागले, आणि पुढे ते नाव मोठ्या संघटनेच्या स्थानिक घटकालाही मिळाले. हे कळल्यावर मला आपला 'शाखा' हा शब्द आठवला. एखादा वैदिक आपली शाखा सांगतो, तेव्हा आपण कोणता पाठ म्हणणाऱ्यांपैकी आहोत, हेच तो सांगत असतो. एकच पाठ मानणारे लोक कोठेही राहोत, त्यांची शाखा एक. 'चॅप्टर'चा याहून चांगला अनुवाद मला सापडला नाही. आज ज्या कहाणीविषयी बोलायचे आहे, तिचा सगळा पेच या शब्दात आहे. शाखा गावोगावच्या मुलांची असते, पण पाठ दूरच्या मध्यवर्ती संघाने ठरविलेला असतो. दोहोंत विरोध आला, तर कोणाचे ऐकायचे?

कहाणीचा आरंभ व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या लहानशा गावी होतो. तेथील विल्यम अँड मेरी महाविद्यालयातील पाच विद्यार्थ्यांनी ५ डिसेंबर १७७६ रोजी एक गुप्त मंडळ स्थापन केले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा होऊन तेव्हा पुरते अर्धे वर्षही लोटले नव्हते. मंडळाचे नाव 'फाय बीटा कॅपा'. तत्त्वज्ञान हे जीवनाचे मार्गदर्शक होय, अशा अर्थाच्या ग्रीक बोधवाक्यातील तीन शब्दांची ही आद्याक्षरे. त्या काळी महाविद्यालयीन शिक्षण म्हणजे मुख्यत्वे ग्रीक, लॅटिन आणि गणित. विद्यार्थ्याने पाठ करावे, गुरूजींनी म्हणून घ्यावे. चालू काळातील प्रश्नांवर मोकळेपणाने वाद घालण्यास वर्गात जागा नव्हती. ती जागा विद्यार्थ्यांनी स्वतः निर्माण केली, आणि तेथे निर्भयपणे बोलता यावे म्हणून गुप्ततेची शपथ घेतली. गुप्ततेचा मूळ हेतू असा निर्दोष होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे; कारण पुढे याच गुप्ततेची फळे फार कडू निघाली.

या मंडळींनी आणखी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. त्यांनी येल आणि हार्वर्ड येथे शाखा काढण्यासाठी सनदा दिल्या. १७८० साली येलची आणि १७८१ साली हार्वर्डची शाखा सुरू झाली. इकडे ब्रिटिश फौजा जवळ येऊ लागल्याने १७८१ मध्येच विल्यम्सबर्गचे मूळ मंडळ बंद पडले. मूळ खोड कोसळले, पण पारंब्या जमिनीत रुजल्या होत्या, त्यांनी वृक्ष जगविला. शाखा काढण्याचे सामर्थ्य काय असते, ते अमेरिकी विद्यार्थ्यांना येथे प्रथम उमगले. फाय बीटा कॅपाने १८३१ च्या सुमारास गुप्तता सोडली आणि ती पुढे गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था झाली. तिने घालून दिलेला नमुना मात्र इतरांनी उचलला : ग्रीक अक्षरांचे नाव, शपथ, बोधचिन्ह आणि शाखा.

ज्यांना आज आपण भ्रातृसंघ म्हणतो, त्यांचे खरे जन्मस्थान न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीचे युनियन महाविद्यालय होय. तेथे १८२५ मध्ये 'कॅपा अल्फा' आणि १८२७ मध्ये 'सिग्मा फाय' व 'डेल्टा फाय' असे तीन संघ निघाले. सिग्मा फायने १८३१ साली हॅमिल्टन महाविद्यालयात दुसरी शाखा उघडली. त्यानंतर हे लोण पश्चिमेकडे सरकले. ओहायोतील मायामी विद्यापीठात १८३९ ते १८५५ या काळात 'बीटा थीटा पाय', 'फाय डेल्टा थीटा' आणि 'सिग्मा काय' हे तीन मोठे संघ जन्मास आले. घरापासून शेकडो मैल दूर आलेल्या पंधरा-सोळा, अठरा वर्षांच्या मुलांना भाऊ हवे होते. महाविद्यालय त्यांना शिस्त देत होते, भाऊ देत नव्हते.

शाखेचा कारभार कसा चालतो, हेही थोडक्यात पाहू. एखाद्या विद्यापीठातील काही विद्यार्थी मध्यवर्ती संघाकडे अर्ज करतात. त्यांची पात्रता पटली, की संघ त्यांना सनद देतो. शाखांना बहुधा ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने नावे मिळतात. पहिली अल्फा, दुसरी बीटा, तिसरी गॅमा. चोवीस अक्षरे संपली, की जोडनावे सुरू होतात. काही संघ राज्याच्या नावाने शाखा ओळखतात, जसे 'इलिनॉय अल्फा'. शाखा वर्गणी गोळा करते, मध्यवर्ती संघाला तिचा वाटा देते आणि अधिवेशनाला प्रतिनिधी धाडते. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या निराळ्या शाखा असतात. अनेक संघांत शेवटचे अक्षर ओमेगा हे दिवंगत सभासदांसाठी राखून ठेवलेले असते. अमुक बंधू ओमेगा शाखेत गेले, असे म्हटले, की ते निवर्तले असे समजावे.

नव्या सभासदांची निवड हा या जीवनातील सर्वांत नाजूक भाग. सत्राच्या आरंभी नवागत विद्यार्थी संघांच्या घरोघरी भेटी देतात. संघ त्यांना पारखतात आणि पसंत पडलेल्यास निमंत्रण देतात. त्यानंतर उमेदवारीचा काळ येतो, आणि शेवटी दीक्षाविधी. पूर्वी अनेक संघांत निवड गोळ्यांनी होत असे. पेटीत प्रत्येकाने पांढरी वा काळी गोळी टाकावयाची, आणि एक काळी गोळी निघाली तरी इच्छुक बाद. कोणी टाकली, का टाकली, हे विचारायचे नाही. भावाची निवड करण्याची ही रीत भावासारखी खासच नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघांची स्वतःची घरे झाली. विद्यापीठांकडे वसतिगृहे अपुरी होती, तेव्हा ही सोय त्यांनाही बरी वाटली. पण घर म्हटले की कर्ज आले, कर्जाचे हप्ते आले, आणि ते फेडू शकणारे सभासद शोधणे आले. वादविवादासाठी जमलेली मंडळी हळूहळू सुखवस्तू घरांतील मुलांचे निवासस्थान बनली.

आता दाराबाहेर उभे असलेल्यांकडे वळू. त्यांत पहिल्या स्त्रिया होत्या. जॉर्जियातील मेकन येथे, मुलींच्या महाविद्यालयात, १८५१ आणि १८५२ साली विद्यार्थिनींची मंडळे निघाली होती. परंतु मुलांबरोबर शिकणाऱ्या मुलींचा प्रश्न वेगळा होता. इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल येथे एक महाविद्यालय आहे. आज ते 'डीपॉ' विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १८६७ मध्ये त्याने मुलींना प्रवेश दिला. तेथे बेटी लॉक नावाची, एका प्राध्यापकाची मुलगी शिकत होती. एका भ्रातृसंघाने तिला आपले बोधचिन्ह मिरविण्याची विनंती केली, अशी आख्यायिका आहे. तिने विचारले, चिन्ह देता तर सभासदत्वही देणार का? दीक्षा देणार का? ते शक्य नाही, असे उत्तर आले. तिने चिन्ह नाकारले. तेव्हा त्या तरुणांनी तिला संघाची अक्षरे कोरलेली एक चांदीची करंडी भेट दिली म्हणतात, केक ठेवण्याची! बेटी लॉकने करंडी घेतली आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींना बरोबर घेऊन 'कॅपा अल्फा थीटा' हा संघ स्थापन केला. ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेला हा स्त्रियांचा पहिला संघ. त्याच वर्षी ब्लूमिंग्टन येथे त्याची दुसरी शाखाही निघाली.

गंमत अशी, की तेव्हा 'सोरॉरिटी' हा शब्दच प्रचारात नव्हता. या स्त्रियांनी स्वतःच्या मंडळालाही 'फ्रॅटर्निटी'च म्हटले. सिरॅक्यूज येथील 'गॅमा फाय बीटा' या १८७४ मध्ये निघालेल्या संघासाठी तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॅली यांनी १८८२ साली तो शब्द सुचविला. आधी माणसे एकत्र आली, शब्द मागाहून आला. अनुवादकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

दुसरे दार वर्णाचे होते, आणि ते अधिक घट्ट बंद होते. कॉर्नेल विद्यापीठात विसाव्या शतकाच्या आरंभी मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत. १९०५ सालच्या सत्रास त्यांतील सहा जण परतलेच नाहीत. एकटेपणा हा अभ्यासक्रमाहून अवघड ठरत होता. यांपैकी काही विद्यार्थी पोटासाठी गोऱ्या मुलांच्या संघगृहांत काम करीत. बंधुभाव म्हणजे काय, तो कसा आधार देतो, हे त्यांनी तेथे पाहिले. पण ते वाढप्याच्या जागेवरून. ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी 'अल्फा फाय अल्फा' या संघाची स्थापना केली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात त्याची बीटा शाखा निघाली. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे मोठे केंद्र. तेथेच १५ जानेवारी १९०८ रोजी 'अल्फा कॅपा अल्फा' हा कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचा पहिला ग्रीकनामधारी संघ, आणि १९१३ साली 'डेल्टा सिग्मा थीटा' हा दुसरा संघ जन्मास आला. डेल्टा सिग्मा थीटाच्या संस्थापिका बावीस होत्या. संघ निघून दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात त्या सामील झाल्या.

या संघांनी शाखेची कल्पना पुष्कळच व्यापक केली. पदवी मिळाली म्हणजे सभासदत्व आठवणींपुरते उरावे, हे त्यांना मान्य नव्हते. शिक्षिका, डॉक्टर, वकील झाल्यावर त्यांच्या पदवीधर शाखांचे खरे काम सुरू होई. याचे एक उदाहरण सांगतो. १९३५ पासून १९४२ पर्यंत दर उन्हाळ्यात अल्फा कॅपा अल्फाच्या सभासद भगिनी डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली मिसिसिपी राज्यातील अतिशय गरीब भागांत दवाखाने चालवीत. वॉशिंग्टनहून हजारएक मैल त्या स्वतःच्या मोटारींतून जात. तेथे कळले, की मळेवाले आपल्या कुळांना मळा सोडून दवाखान्यात येऊ देत नाहीत. तेव्हा या स्त्रियांनी औषधे मोटारींत घातली आणि दवाखानाच मळ्यांवर नेला. हजारो मुलांना देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या. वर्गणी, सभा, शपथा यांतून उभे राहिलेले ते भगिनीत्व होते.

सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे दोघेही अल्फा फाय अल्फाचे बंधू. वॉशिंग्टनमधील डॉ. किंग यांचे स्मारक २०११ साली खुले झाले, त्याची कल्पना आणि पुढाकार याच संघाचा. हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फाची दीक्षा घेतलेल्या कमला हॅरिस २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या. त्यांच्या मातोश्री श्यामला गोपालन या मूळच्या तमिळ कुटुंबातील, हे आपणांस ठाऊकच आहे.

आता मी आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक संघांच्या घटनांत वर्ण आणि धर्म यांच्या अटी स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या होत्या. जेथे लिहिलेल्या नव्हत्या तेथे त्या पाळल्या जात. ज्यू विद्यार्थ्यांनीही त्यामुळेच आपले संघ वेगळे काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर, वंशश्रेष्ठत्वाच्या विरोधात लढून आलेल्या तरुणांना हे खुपू लागले. मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट महाविद्यालयात 'फाय कॅपा साय' या संघाची शाखा होती. १९४८ साली तिने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला उमेदवार म्हणून स्वीकारले. ही वार्ता पसरताच मध्यवर्ती संघाकडून दडपण आले. शाखेतील मुलांपुढे दोन वाटा होत्या. त्या एका विद्यार्थ्याला नम्रपणे परत पाठवावे आणि सनद राखावी. किंवा त्याला भाऊ म्हणावे आणि सनद गमवावी. मुलांनी दुसरी वाट धरली. संघाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी नावात एका अक्षराचा बदल करून 'फाय अल्फा साय' या स्वतंत्र संघाच्या रूपाने आपले घर चालू ठेवले.

मला या कहाणीतील हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. शपथेचा शब्द एकीकडे आणि तिचा अर्थ दुसरीकडे, अशी ती वेळ होती. विशीतल्या मुलांनी अर्थाच्या बाजूने कौल दिला. अशी उदाहरणे विपुल नव्हती, हेही सांगितले पाहिजे. घटनांतील अटी पुढील दोन दशकांत बहुतेक गळून पडल्या, पण मनातील राहिल्या. अलाबामा विद्यापीठातील गोऱ्या भगिनीसंघांत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना डावलले जाते, हे तेथील विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघड केले ते २०१३ साली. विशेष म्हणजे, शाखांतील काही मुलींना त्या विद्यार्थिनी हव्या होत्या. अडवणूक माजी सभासदांकडून झाली, असे त्या वृत्तात म्हटले होते.

गुप्ततेच्या कडू फळांचा उल्लेख मघाशी केला. उमेदवारीच्या काळात नवागतांचा छळ करण्याची प्रथा, ज्याला आपल्याकडे रॅगिंग म्हणतात, अनेक संघांत रुजली. कॉर्नेलमध्ये १८७३ साली अशाच एका विधीच्या वेळी एक विद्यार्थी रात्री दरीत पडून मरण पावला. तेव्हापासून ही मालिका थांबलेली नाही. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका संघगृहात एका एकोणीस वर्षांच्या मुलाला अतोनात दारू पाजण्यात आली. तो जिन्यावरून पडला, आणि वैद्यकीय मदत बोलाविण्यास त्याच्या भावी बंधूंनी कित्येक तास लावले. तो वाचला नाही. पुढच्या वर्षी त्या राज्याने कडक कायदा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशा प्रकारांची नोंद जाहीर करणे महाविद्यालयांवर बंधनकारक करणारा कायदा देशभर लागू झाला. हा रोग एकाच वर्णाचा वा वर्गाचा नव्हता. कृष्णवर्णीय संघांच्या परिषदेलाही १९९० साली उमेदवारीची जुनी पद्धत अधिकृतपणे रद्द करावी लागली. ज्याने छळ सोसला, तोच पुढच्या वर्षी छळ करण्याचा आपला हक्क समजतो. सासुरवास भोगलेल्या सुनेने सासू झाल्यावर तोच वसा चालवावा, तसे हे आहे.

काही महाविद्यालयांनी संघ मुळातूनच काढून टाकले. विल्यम्स महाविद्यालयाने १९६२ साली तो मार्ग धरला. १९८४ साली ॲमहर्स्टनेही, होय, त्याच ॲमहर्स्टने, आपल्या आवारातील भ्रातृसंघ बंद केले. तरीही अमेरिकेत ही संस्था आज जिवंत आहे, आणि नव्या रूपांत वाढतेही आहे. आपल्या दृष्टीने जवळची गोष्ट म्हणजे तेथील भारतीय वंशाच्या मुलामुलींचे संघ. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे १९९४ साली 'आयोटा नू डेल्टा', आणि टेक्सासमध्ये १९९८ साली 'डेल्टा एप्सिलॉन साय', 'कॅपा फाय गॅमा' व 'डेल्टा फाय ओमेगा' हे संघ निघाले. ज्यांचे आईवडील तेथे गेल्यावर आपापल्या भाषेची मंडळे काढून गणेशोत्सव किंवा दुर्गापूजा करीत, त्यांची ही मुले. आईवडिलांना भाषेने एकत्र आणले होते. मुलांना ग्रीक अक्षरांनी एकत्र आणले. तेथे मराठी, तमिळ, गुजराती, पंजाबी हे भेद मागे पडून 'दक्षिण आशियाई' असे एक नवेच गोत्र तयार झाले.

मित्रहो, या अडीचशे वर्षांच्या कहाणीत मला एक सूत्र दिसते. ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याने स्वतःचे घर बांधले. विद्यार्थ्यांना वर्गात बोलू दिले नाही, त्यांनी मंडळ काढले. मंडळाने बेटी लॉकला करंडी देऊन वाटेला लावले, तिने भगिनीसंघ काढला. इथाकातील वाढप्यांनी अल्फा शाखा काढली. प्रत्येक नव्या घराने आधार दिला, माणसे घडविली. पण घर झाले की त्यालाही दार आले, आणि दार उघडायचे की लावायचे हा प्रश्नही आला.

रक्ताचे भाऊबहीण आपण निवडीत नाही; ते मिळतात. निवडलेल्या भावंडांची गोष्ट निराळी. आपण कोणाला निवडले यापेक्षा कोणाला वगळले, यावरून त्या बंधुत्वाची पारख होते. आपण सर्वच जण कोणत्या ना कोणत्या मंडळाचे, संस्थेचे सभासद आहोत. ॲमहर्स्टच्या त्या मुलांसमोर आलेला प्रसंग कधी आपल्यापुढेही उभा राहील. तेव्हा सनद हाती ठेवायची की भाऊ, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.